अठरा नोव्हेंबरची फ्लॉपी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला इंद्रायणीच्या कॉम्प्युटरवरचा बाण आपला आपण चालायला लागला.

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जे काही मराठीत टाइप करून हवं असेल ते इथे मिळायचं. येडगावच्या घरून आणलेल्या डब्याचं तेल बोटांना लागलं होतं म्हणून ती फडक्याला हात पुसत उभी होती आणि माऊस तिच्यापासून चांगला दोन हात लांब होता. तरी बाण सरळ वर गेला, 'शाळा' नावाच्या फोल्डरवर थांबला, त्याने फोल्डर उघडलं, आतली विज्ञानाची फाइल उघडली. मग फाइलची पानं सावकाश वर सरकू लागली. कुणीतरी ती वाचत होतं.

इंद्रायणीने आधी माऊसकडे पाहिलं आणि मग, हसू येईल पण खरं आहे, टेबलाखाली वाकून पाहिलं. दुकानात तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. पुण्याच्या छापखान्याला एक पत्रिका पाठवायची म्हणून तिने नुकतंच इंटरनेट लावलं होतं, आणि टेलिफोनच्या वायरीला जोडलेल्या मोडेमचे दिवे भराभर लुकलुकत होते. तिला काय सुचलं कोण जाणे, तिने भिंतीतली वायर हिसका मारून उपटली. बाण होता तिथेच थांबला.

ती मटकन खुर्चीत बसली. भुताखेताची भीती तिला नव्हती. तिला दुसरंच काहीतरी कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला त्याच क्षणी वाटून गेलं.

झालं होतं ते असं. जानेवारीत इथल्या शिक्षण संस्थेच्या सात शाळांची दहावीची सराव परीक्षा होती, आणि विज्ञानाची प्रश्नपत्रिका इथेच टाइप झाली होती. पेपरच्या आदल्या दिवशी त्या प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्स मंचरच्या बाजारात पोरांच्या हातात फिरू लागल्या. मुख्याध्यापक बाजीराव सरांनी एक झेरॉक्स मिळवली आणि पाहतात तर तिच्यात पाचवा प्रश्न जुना. तो प्रश्न सरांनी स्वतः दुकानात येऊन, पडद्यावर पाहून बदलायला लावला होता आणि छपाई त्यानंतर झाली होती. म्हणजे जुना प्रश्न टाइप केलेल्या रूपात कागदावर कधी उतरलाच नव्हता. तो फक्त या कॉम्प्युटरच्या पोटात होता, आणि तोही दीड दिवस. कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं दोन. एक इंद्रायणी, दुसरा तिच्याकडे चार वर्षं कामाला असलेला प्रबुद्ध.

प्रबुद्ध अवसरी बुद्रुकचा. कीबोर्डकडे न बघता टाइप करायचा, आणि मजकुरात चूक दिसली तर गिऱ्हाइकाला अपमान न वाटेल अशा बेताने सांगायचा. त्याच संस्थेत लिपिकाच्या जागेसाठी त्याची निवड झाली होती. जानेवारीअखेर ऑर्डर हातात पडायची होती. चौकशीला सगळे बसले तेव्हा सरांनी इंद्रायणीला विचारलं, त्या दीड दिवसात मशीनवर कोण बसलं होतं? ती नणंदेच्या साखरपुड्याला गेली होती. ती म्हणाली, "प्रबुद्ध." यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यापुढे एक वाक्य बोलायचं असतं, की हा पोरगा असलं करणार नाही, ते ती बोलली नाही. समोर बसलेल्या माणसांना तरी कुठे ऐकायचं होतं? अवसरीच्या बौद्धवाड्यातल्या पोरावर संशय घ्यायला त्यांना चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. इंद्रायणीला ते दिसत होतं, आणि दिसूनही ती गप्प बसली. आपल्यावरचं गेलं, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी प्रबुद्धने दुकानाची किल्ली टेबलावर आणून ठेवली आणि तो गेला. ऑर्डर अडकली ती अडकलीच. आता फेब्रुवारी संपत आला होता, आणि येत्या रविवारी संस्थेची बैठक होती. त्या बैठकीत यादीतल्या पुढच्या माणसाला ती जागा द्यायचं जवळजवळ ठरलेलं होतं.

इंद्रायणीने मंचरला ऋषीला फोन लावला. हा ऋषी आंबेगाव आणि जुन्नर अशा दोन्ही तालुक्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करत मोटरसायकलवर हिंडायचा. दुपारी तो आला, तिने सांगितलेलं ऐकून घेतलं आणि स्वतः फोनची वायर परत लावली. पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत त्याने एक आज्ञा टाइप केली तशी आकड्यांच्या ओळी उतरल्या. बाहेरच्या कुठल्या ठिकाणाशी मशीन जोडलंय आणि कोण येईल म्हणून कुठे वाट बघतंय, ते त्यात दिसतं म्हणे. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. ती ओळ दुकानाच्या कुठल्याच कामाची नव्हती.

"ताई, घराला पुढनं कुलूप लावून तुमी शेतावर जाता," तो म्हणाला, "आन गोठ्याकडच्या अंगाला कुणीतरी दार पाडून ठिवलंय. तुमी इंटरनेट लावलं की त्यो आत. तुमी काय टाइप करता ते बघतो, फायली नेतो, सीडीचा कप्पा उघडतो. तुमाला पत्ता न्हाई."

सीडीचा कप्पा म्हटल्यावर इंद्रायणीने मशीनकडे पाहिलं. डिसेंबरात तो कप्पा दोन-चार वेळा आपोआप बाहेर आला होता. प्रबुद्ध मशीनवर असताना यायचा, आणि कोपर नीट ठेवत जा, बटणाला धक्का लागतो, म्हणून ती त्याच्यावर डाफरली होती. तो एका बोटाने कप्पा आत लोटायचा.

ऋषी पुढे खोदत गेला. अँटिव्हायरसचं चित्र कोपऱ्यात ऐटीत बसलेलं होतं, पण आतून तो नोव्हेंबरपासून बंद पाडलेला. चोराने पहिल्यांदा राखणदारालाच झोपवलं होतं. मशीन सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत एक अनोळखी नाव निघालं. ऋषीने ते चालतं होतं ते थांबवलं, यादीतून काढलं, फाइलही पुसली, आणि मशीन बंद करून परत लावलं. वेगळं नाव घेऊन ते पुन्हा हजर. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा तो म्हणाला की याची पिल्लं कुठे कुठे दडलीत ते शोधत बसण्यात अर्थ नाही, सगळी डिस्क पुसून पहिल्यापासून भरावी लागेल. मग त्याने सहज विचारलं, नोव्हेंबरात काय नवीन टाकलं होतं?

आठवत नाही, असं इंद्रायणी म्हणाली. आठवत तर तिला स्वच्छ होतं. जुन्नरपासून लोणीपर्यंत असल्या प्रत्येक दुकानात शाई आणि रिबिनी विकत हिंडणारा एक पिशवीवाला होता. तुळशीची लग्नं लागून लग्नसराई तोंडावर आली तेव्हा त्याने एक सीडी पुढे केली, दीड हजार मराठी फॉन्टची. फॉन्ट म्हणजे अक्षरांची वळणं. पत्रिकेवर वेलबुट्टीची, मोत्यासारखी, हवी तशी अक्षरं त्यामुळे उमटतात. प्रबुद्ध म्हणाला होता, "ताई, ह्यात काय हाय आन काय न्हाई, आपल्याला ठावं न्हाई. नका टाकू." ती हसली होती. अक्षरंच तर आहेत, अक्षरांनी कुणाचं काय वाकडं झालंय? आणि तिने स्वतःच्या हाताने सीडी आत घातली होती.

ऋषीने पुसायचा प्रोग्राम असलेली फ्लॉपी काढली आणि थांबला.

"पुसायच्या आधी ह्याची कुठं नोंद ठिवायची का? एकदा पुसलं की कुणाला दावायला काय बी उरणार न्हाई."

टेबलावर पंखा फिरत होता. इंद्रायणीला रविवारची बैठक दिसली, सात शाळांचं काम दिसलं, आणि त्या कामावर उभं असलेलं हे दुकान दिसलं. जी बाई प्रश्नपत्रिका जपू शकत नाही तिच्याकडे उद्या ग्रामसभेची नोटीस तरी कोण देईल? आणि चौकशीत तू काय बोललीस, असं कुणी विचारलं तर? प्रबुद्धही तिला दिसला. नाही असं नाही.

"पुसा," ती म्हणाली.

ऋषीने जाताना चार गोष्टी बजावल्या. पासवर्ड सगळे बदला. जुन्यातलं परत आणायचं ते फक्त फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलेलं टाइपचं काम. चालणारा प्रोग्राम एकही आणू नका, कितीही गरज पडली तरी. नवीन अँटिव्हायरस तो शुक्रवारी पुण्याहून आणणार होता. तोवर फोनची वायर मशीनला लावायची नाही.

त्या संध्याकाळी इंद्रायणीने ती सीडी घरी नेली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. प्लॅस्टिक आक्रसून काळं झालं, घाण वास सुटला. सासूने काय जाळतेस म्हणून विचारलं तर, कचरा, असं म्हणून मोकळी झाली. सुटलो एकदाचे, असं तिने मनाशी म्हटलं, पण जेवण काही गेलं नाही.

बुधवारी लोणीचं गिऱ्हाईक पत्रिका न्यायला आलं. लग्न आठ दिवसांवर. तिने फाइल उघडली, तर देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चांदण्यांची पेरणी झालेली. तेव्हा मराठी असंच असायचं. ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं तो फॉन्ट मशीनवर नसला की नवरदेवाच्या आजोबांचं नाव म्हणजे नुसता इंग्रजी चिवडा. मंगळवारी सगळं पुसलं त्यात फॉन्टही गेले होते. गिऱ्हाईक समोर बसून पाय हलवत होतं आणि सारखं घड्याळ बघत होतं.

आणि तिथे तिने ती चूक केली, जी असल्या दुकानात बसणारं कुणीही करेल. खणात तिची स्वतःची फ्लॉपी होती. हातातल्या कामाचे फॉन्ट त्या सीडीवरून तिने वेगळे काढून ठेवले होते, ते मशीनवर चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामासकट. लेबलावर तिच्या हातचं होतं: 'अक्षरं, १८ नोव्हेंबर'. सीडी वाईट होती, ती जळाली. ही फ्लॉपी माझी, माझ्या खणातली, माझ्या अक्षरातली. शिवाय फॉन्टला कुणी प्रोग्राम म्हणतं का? तिने फ्लॉपी घातली आणि नेहमीसारखं त्या छोट्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. आजोबा आपल्या नावानिशी परत आले. गिऱ्हाईक खूश झालं आणि तीही.

गुरुवारी तीच पत्रिका पुण्याच्या छापखान्याला पाठवणं भाग होतं. पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणून तिने फोनची वायर लावली. मोडेम किंचाळून गप्प झाला आणि नेमका त्याच वेळी प्रबुद्ध दारात उभा राहिला.

तिला वाटलं, हा भांडायला आला असेल. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो चपला बाहेर काढून आला, स्टुलावर बसला आणि येडगावची सगळी कशी आहेत ते त्याने विचारलं. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलला.

"ताई, रविवारी संस्थेची बैठक हाय. आई म्हणती, तूच जाऊन बोल. पर माझं कोण ऐकणार? तुमी याल का? पेपरचं काय बी बोलू नका. चार वर्सं तुमच्याकडं मी कसा वागलो, तेवढंच सांगा."

बघते, बहुतेक त्या दिवशी गावाला, असं काहीतरी ती पुटपुटत असतानाच मशीनमधून खर्र आवाज झाला आणि सीडीचा कप्पा सावकाश बाहेर आला.

सगळं पुसलं होतं, सीडी जाळली होती, आणि कप्पा जीभ काढल्यासारखा दोघांच्या मध्ये उघडा पडला होता.

प्रबुद्ध उठला आणि जुन्या सवयीने एका बोटाने त्याने कप्पा आत लोटला.

"आजून तसंच व्हतंय व्हय?" तो म्हणाला. "मला वाटायचं, माझाच धक्का लागतोय. लई जपून बसायचो मी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजून चालला होता. दोन महिने हा पोरगा कोपर आखडून टाइप करत होता, आणि नंतर घरी बसूनही चूक आपलीच असेल असं धरून होता! इंद्रायणीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने वायर उपटली.

"येते मी रविवारी," एवढंच ती म्हणाली. बाकीचं तोंडाशी आलं होतं, पण तेव्हाही तिने ते गिळलं. प्रबुद्ध हात जोडून एसटी पकडायला गेला.

शुक्रवारी ऋषी आला तेव्हा तिने त्याला आधी दारातच सांगितलं की पुसायचं नाही, शोधायचं. सीडीचंही सांगितलं, जाळलेलीसुद्धा. तो खुर्ची ओढून कामाला लागला. नवीन अँटिव्हायरसने खणातल्या सतरा फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. सोळा निर्धोक निघाल्या. सतरावीला पडद्यावर लाल ओळ उमटली. फॉन्ट चढवणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामाच्या पोटात ते बसलेलं होतं. ज्याने नोव्हेंबरात पहिलं दार पाडलं, त्यानेच बुधवारी पुन्हा पाडलं होतं. लेबलावरचं अक्षर तिचं, तारीखही तिने घातलेली. ऋषी म्हणाला की लोणीतल्या एका दुकानातही असाच कप्पा उघडतो म्हणून त्याला बोलावणं आलंय. तिथेही तो पिशवीवाला गेला होताच. तेव्हापासून मात्र पिशवीवाला या भागात पुन्हा कुणाला दिसला नाही, आणि दाराच्या पलीकडे कोण बसलं होतं तेही कधी कळलं नाही.

शनिवारी तिने दोनदा फोन उचलून ठेवला. सरांना कळवायचं, तब्येत बरी नाही. तब्येत खरोखरच बरी नव्हती.

रविवारी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली, शेजारी ऋषी. शाळेच्या ऑफिसात लांब टेबलाभोवती सातजण बसले होते, टोकाला बाजीराव सर. प्रबुद्ध आणि त्याची आई चिमाबाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. ऋषीने मशीन जोडलं, शाळेच्या फोनची वायर लावली, काळ्या खिडकीतल्या ओळी दाखवल्या आणि ती वाट बघणारी ओळ समजावून सांगितली. गोठ्याच्या दाराचाही दाखला दिला. सातही जणांनी माना हलवल्या, पण कुणाला काही कळलं नव्हतं हे इंद्रायणीला त्यांच्या तोंडावरून कळलं. एकजण कप्पा उघडून दाखवा म्हणाला. कप्पा उघडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पलीकडचा माणूस रविवारची सुट्टी घेऊन बसला होता की काय, देव जाणे. सरांनी घड्याळ पाहिलं. हे मशीनचं मशीनला माहीत, असं म्हणून एकाने पुढचा कागद ओढला.

तेव्हा इंद्रायणी उठली आणि तिने पर्समधून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

"सर, हे अक्षर माझं आहे. ज्या सीडीतून हे मशीनमध्ये शिरलं ती मीच घातली. प्रबुद्ध नको म्हणत होता. पेपर माझ्या दुकानातून गेला, पण त्याने नेला नाही. चौकशीत तुम्ही विचारलं तेव्हा मी त्याचं एकट्याचं नाव घेतलं आणि गप्प बसले."

कॉम्प्युटरचं कुणाला कळलं नव्हतं, हे मात्र सगळ्यांना कळलं. दुकान चालवणारी बाई स्वतःच्या पायावर असा धोंडा उगीच पाडून घेत नाही. सरांनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली, ऋषीला दोन प्रश्न विचारले. अर्ध्या तासाने प्रबुद्धच्या ऑर्डरवर सही झाली. प्रश्नपत्रिका यापुढे आम्ही शाळेतच टाइप करून घेऊ, असंही सरांनी तिला मऊ आवाजात सांगितलं. ती हो म्हणाली. उठताना टेबलावरची फ्लॉपी तिने सवयीने उचलून पर्समध्ये टाकली.

व्हरांड्यात चिमाबाईने तिचे दोन्ही हात धरले. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तुझ्यामुळं माझ्या लेकराचं नाव धुतलं गेलं गं बाई, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. इंद्रायणीला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले. न राहवून तिने सगळं सांगून टाकलं: मंगळवारी पुसलेलं, चुलीत जाळलेलं, आणि ते परत आलं म्हणून उघड झालेलं.

चिमाबाईला त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. तिची पकड सैल झाली नाही. प्रबुद्धला मात्र सगळं समजलं. ऑर्डरचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

"ताई, ते परत आलं नसतं, तर सांगितलं असतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. चिमाबाई समोर उभी होती.

"नाही," इंद्रायणी म्हणाली.

त्याने मान हलवली. आईची पिशवी उचलून खांद्याला लावली, पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर वळला.

"ती फ्लॉपी तेवढी सरांकडं द्या," तो म्हणाला. "तुमच्याकडं नको."

इंद्रायणीने पर्स उघडली आणि ती परत ऑफिसात गेली.